पुरंदरावरचा पहारा : एका पटाईत स्त्रीच्या भरतीचे प्रकरण

मुंबईतल्या एका हौशी नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी निवडलेली दोन अंकी ऐतिहासिक संहिता पहिल्याच वाचनाला अडली. नाटकाची नायिका पट्टा आणि तलवार चालवण्यात तरबेज आहे. पेशवाईतल्या सर्वांत नाजूक महिन्यांत, म्हणजे जानेवारी ते एप्रिल १७७४ या काळात, ती पुरंदर किल्ल्यावर येते आणि गंगाबाईंच्या खास पहाऱ्यात आपल्याला घ्यावे अशी विनंती करते. नायिका पूर्णपणे काल्पनिक आहे. तिच्या अवतीभवतीची माणसे आणि कारस्थाने इतिहासातली आहेत. परळच्या तालमीच्या जागेत वाचन संपल्यावर प्रकाशयोजना पाहणाऱ्या मुलाने विचारले, की हिला पहाऱ्यात घेतील कशाला? लेखिकेचे उत्तर होते की ती उत्तम लढते म्हणून. ते उत्तर कोणालाच पटले नाही आणि संहिता सल्लागार म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्या एका प्रवेशाची फेरमांडणी कशी झाली, याची ही नोंद आहे.

त्या महिन्यांतली परिस्थिती

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि सतरा वर्षांच्या नारायणरावांकडे पेशवाई आली. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ यांचे गारदी, म्हणजे पगारी कवायती शिपाई, थकलेल्या पगाराचा तगादा लावत वाड्यात शिरले. नारायणराव जीव वाचवण्यासाठी चुलत्याच्या महालात धावले, त्यांना मिठी मारून बसले आणि तिथेच कापले गेले. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्याबरोबर गेला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट पुतण्या आणि चुलता यांच्यापुरती आटोपते. पहाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वेगळीच बाब ठळक होते. मारेकरी बाहेरून आले नव्हते. वाड्याचा बंदोबस्त ज्यांच्या हाती होता त्यांचाच हा उद्योग होता, आणि कवायती शिस्त, हत्यारांची सवय, वाड्याच्या वाटांची माहिती हे त्यांचे गुण त्या दुपारी धन्याच्या विरोधात उपयोगी पडले. म्हणजे १७७४ च्या आरंभी पुण्याच्या कारभाऱ्यांना चांगला लढणारा माणूस पाहून हायसे वाटण्याचे काही कारण नव्हते. उलट, असा अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर त्यांच्या पोटात गोळाच आला असता.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी रघुनाथरावांविरुद्ध जी जूट बांधली तिला बारभाई म्हणतात. जानेवारी १७७४ च्या अखेरीस त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर हलवले. सोबत पार्वतीबाई, म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी होत्या. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला रघुनाथरावांनी त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला आणि त्यात त्रिंबकराव मारले गेले, तेव्हा गडावर काय धाकधूक उडाली असेल याची कल्पना करता येते. साऱ्या राज्याचा हक्क एका न जन्मलेल्या जिवावर टांगलेला होता. मुलगा झाला तर रघुनाथरावांचा दावा संपत होता, आणि मुलगी झाली तर बारभाईंच्या पायाखालची जमीन सरकत होती.

मूळ प्रवेश

लेखिकेने लिहिलेला प्रवेश टाळ्या घेणारा होता. नायिका सदरेवर येते, शिपाई हसतात, ती लागोपाठ तिघांना लोळवते, सखारामबापू उठून उभे राहतात आणि स्वतःच्या कमरेची तलवार तिच्या हाती देतात. हाच प्रवेश आपण निरनिराळ्या वेषांत आणि निरनिराळ्या राजवटींत इतक्या वेळा पाहिला आहे, की तो पाहताना प्रेक्षक विचार करणे थांबवतो.

माझा आक्षेप तेवढ्यापुरता नव्हता. बापू त्या वेळी वृद्ध होते आणि अर्धे आयुष्य त्यांनी दोन्ही पक्षांशी एकाच वेळी बोलणी चालू ठेवण्यात घालवले होते. अशा माणसाने पट्ट्याचे चार हात पाहून तलवार बहाल करावी, हे त्यांच्या स्वभावाशी कुठेच जुळत नाही. साडेतीन शहाण्यांत बापू पूर्ण शहाणे गणले जातात आणि नाना अर्धे. नाना अर्धे का, तर मुत्सद्देगिरी पूर्ण असूनही तलवार त्यांच्या हातची नव्हती म्हणून. दिग्दर्शकाने ही गोष्ट उचलली आणि तिथून प्रवेशाला पहिली वाट सापडली. मुलाखत बापूंनी न घेता नानांनी घ्यावी, असे ठरले. तलवारीतले काही कळत नसलेला बत्तीस वर्षांचा माणूस समोर बसला आहे. त्याला हात दाखवून उपयोग नाही, कारण तो त्यावरून मत बनवणारच नाही. तो दुसरेच काहीतरी विचारेल, आणि जे विचारेल तीच खरी परीक्षा असेल.

नाना काय विचारतील

राजाच्या निकट कोणाला ठेवावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणाचा एकविसावा अध्याय राजाच्या आत्मरक्षणाविषयी आहे. झोपेतून उठलेल्या राजाला प्रथम धनुर्धारी स्त्रियांनी वेढून घ्यावे, असे तिथे आरंभीच सांगितले आहे. पुढे निकटच्या माणसाची लक्षणे दिली आहेत: वाडवडिलांपासून सेवेत असलेला, नात्यागोत्याने बांधलेला, शिकवून तयार केलेला, मनाने जडलेला आणि काम करून दाखवलेला. परदेशी माणूस, ज्याला धन व मान मिळालेला नाही, तो नको. आणि स्वदेशी असला तरी एकदा दुखावून पुन्हा जवळ केलेला नको. या यादीत शिकून आलेली तयारी पाचांतली एक आहे. उरलेल्यांतली बहुतेक लक्षणे माणूस कोणाशी आणि कशाने बांधलेला आहे याविषयीची आहेत.

ही यादी मी लेखिकेसमोर ठेवली आणि आपली नायिका तिच्यावर घासून पाहायला सांगितले. तोवर नायिकेला भूतकाळच नव्हता. डोंगरातून आलेली एक शूर मुलगी, एवढीच तिची ओळख होती. आता तो रचावा लागला आणि तो रचताना संहितेला खरे बळ आले. मल्हारराव होळकरांचा नातू मालेराव १७६७ मध्ये वारल्यावर रघुनाथराव माळव्यावर चालून गेले, तेव्हा अहिल्याबाईंनी स्त्रियांची फौज उभी केली होती, असे परंपरेने सांगितले जाते. नायिका त्या पथकातून आलेली आहे असे ठरवले. त्यामुळे तिच्या शस्त्रविद्येचा उलगडा झाला आणि त्याच फटक्यात तिच्यावरचा संशयही वाढला, कारण १७७४ मध्ये होळकरांच्या फौजेचे प्रमुख तुकोजी होळकर कोणाच्या बाजूने झुकतील याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. जिथून तिचे कौशल्य आले तिथूनच तिच्याविषयीची भीतीही आली, ही गाठ मला प्रवेशाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

दुसरा धागा पानिपतचा होता. नायिकेचा बाप भाऊसाहेबांच्या लवाजम्यातला पटाईत, म्हणजे पट्टा चालवणारा, होता आणि १४ जानेवारी १७६१ नंतर परतला नाही. पार्वतीबाईंचे पती त्याच रणात गेले, आणि भाऊसाहेबांच्या मृत्यूवर विश्वास न ठेवता त्या सौभाग्यलेणी घालूनच राहिल्या. नाना स्वतः एकोणिसाव्या वर्षी त्या रणातून जीव घेऊन परतले होते आणि त्यांची आई तिथेच हरवली. सदरेवरच्या तिघांनाही जोडणारा हा जुना घाव एकाही फितुरीच्या हिशेबात बसत नाही. नायिकेजवळ जामीन राहायला माणूस नाही. पार्वतीबाई जामीन राहतात. का राहतात, हे प्रवेशात कोणी बोलून दाखवत नाही, आणि तसे दाखवू नये असा आग्रह मी धरला.

आता सगळ्यांत अवघड जागा उरली होती. नाना शेवटचा प्रश्न काय विचारतील आणि ती काय उत्तर देईल? निष्ठेची शपथ घेणारी पल्लेदार वाक्ये लेखिकेने तीन प्रकारे लिहून पाहिली, पण शपथा गारद्यांनीही घेतल्याच असतील, या एका विचाराने ती सगळी पोकळ वाटू लागली. अखेरीस तिने नायिकेच्या तोंडी पगाराची एक व्यवहारी मागणी घातली: "माझी तलब महिन्याच्या आरंभी, सदरेवर, चारचौघांत चुकती करावी. तलब थकलेल्या पहारेकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक सापडतं." वाचनाला हे वाक्य आले तेव्हा नानांचे काम करणारा नट पुढचा संवाद विसरून तिच्याकडे बघत राहिला. दिग्दर्शकाने ते तसेच ठेवले. हावरेपणा वाटावा अशी ही मागणी आहे, आणि शनिवारवाड्यात काय घडले हे तिने कारभाऱ्यांइतकेच नीट जाणले असल्याचा तोच पुरावा आहे.

स्त्रीच का

एका सदस्याने रास्त शंका काढली, की हे सगळे एखाद्या पुरुषालाही लागू पडेल. मग ती स्त्री असण्याने कथेत काय बदलते? केवळ आजच्या प्रेक्षकाला आवडते म्हणून स्त्री, असे असेल तर पात्र लवकरच पोकळ पडते.

पूर्वीचे दाखले कमी नाहीत. मोगलांच्या जनानखान्यात सशस्त्र स्त्रियांचा पहारा असे आणि त्यांना उर्दूबेगी म्हणत. हैदराबादच्या निजामाकडे जनानखान्याच्या रक्षणासाठी स्त्रियांच्या पलटणी होत्या आणि मार्च १७९५ मधल्या खर्ड्याच्या लढाईत त्या निजामाच्या फौजेबरोबर होत्या. योगायोगाचा भाग असा, की खर्ड्याला जिंकलेले मराठे ज्या सवाई माधवरावांच्या नावाने लढत होते, तेच आमच्या नाटकात अजून जन्मायचे आहेत. मात्र पुरंदरावर तेव्हा स्त्रियांचा असा पहारा होता, असा दावा संहिता करत नाही आणि संस्थेने आपल्या माहितीपत्रकातही तो करू नये, हे मी लेखी कळवले. दाखल्यांनी एवढेच सिद्ध होते, की ही गोष्ट त्या काळाला अनोळखी नव्हती.

खरे उत्तर गडावरच्या खोलीत होते. गंगाबाईंना मुलगी झाली तर ती बदलता यावी म्हणून बारभाईंनी इतर गरोदर स्त्रियाही गडावर आणून ठेवल्या आहेत, अशी वावडी त्या वेळी उठली होती; मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही तिचा उल्लेख केला आहे. वावडी खरी की खोटी याच्याशी नाटकाला कर्तव्य नाही. ती पसरलेली होती एवढे पुरे आहे. मग बाळंतिणीच्या खोलीच्या दारात कोण उभे राहणार, हा प्रश्न राज्याचा होतो. पुरुषाला तिथे मज्जाव. सुईणी आणि दासी आत-बाहेर करणार, म्हणजे फितुरीची भीती तिथेच. त्या उंबऱ्यावर हत्यार घेऊन उभी राहू शकेल अशी एकच व्यक्ती, आणि आत काय झाले, कोणते मूल कोणाच्या हातून आले, हे पाहणारीही तीच. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, त्या क्षणापासून तिची किंमत तलवारीवरून साक्षीवर गेली. तिने काय पाहिले, हे विकत घ्यायला दोन्ही पक्ष तयार असणार. आणि तिला जिवंत ठेवणे दोन्ही पक्षांना सारखेच गैरसोयीचे वाटू शकते.

इथे दुसरा अंक आपोआप उभा राहिला. पहिल्या संहितेत दुसऱ्या अंकात लढाई होती, आता नाही.

तालमीतला दरवाजा

लढाई गेली तरी हत्यार राहिले, आणि त्याबाबत तालमीत जे उलगडले ते कागदावर कधीच उलगडले नसते. नायिकेचे काम करणारी मुलगी कोल्हापूरच्या वस्तादांकडे मर्दानी खेळ शिकलेली आहे आणि तिचा पट्टा पाहण्यासारखा आहे. दांडपट्ट्याचे लवचीक, दुधारी पाते कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या खोबळ्याला जोडलेले असते. आतली आडवी मूठ धरली की मनगट जखडले जाते आणि वार खांद्यातून व कमरेच्या फिरकीतून काढावा लागतो. मैदानात एक पटाईत अनेकांना दूर ठेवू शकतो तो याच फिरकीमुळे. दिग्दर्शकाने बाळंतिणीच्या खोलीचे दार म्हणून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या साधारण अडीच फुटांच्या अंतराने ठेवल्या आणि तिला त्यांच्या मध्ये उभे राहून चढाई रोखायला सांगितले. पहिल्या फिरकीला पात्याचे टोक डावीकडच्या खुर्चीच्या पाठीत अडकले, दुसऱ्या फिरकीला तिचाच खोबळा उजवीकडच्या खुर्चीवर आदळला, आणि समोरून आलेल्या नटाने तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

मुलगी हसली नाही. तिने पट्टा उतरवून भिंतीला टेकवला आणि लाकडी कट्यार मागितली. कट्यारीच्या दोन समांतर दांड्यांमधली आडवी मूठ मुठीत धरली की पाते सरळ मुठीच्या पुढे येते आणि ठोसा मारावा तसा भोसकण्याचा वार होतो. त्याला फिरायला जागा लागत नाही. तिने पाठ चौकटीला लावली, डावा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला आणि येणाऱ्याला फक्त कोपराच्या अंतरावर येऊ दिले. तलवारसुद्धा तिथे अडचणीचीच ठरली, कारण मागे घ्यायला कोपर जात नव्हते आणि परज, म्हणजे मुठीची आड, चौकटीवर घासत होती.

या अर्ध्या तासाने संहितेत एक छोटा पण निर्णायक बदल झाला. मुलाखतीनंतर नाना तिला गडावरची जागा दाखवायला पाठवतात. ती सर दरवाजा, बिनी दरवाजा, तट, बुरूज यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही. बाळंतिणीच्या खोलीपाशी येते, हाताने चौकट मोजते आणि पट्टा काढून ठेवते. ज्या हत्याराने तिचे नाव झाले ते ती पहिल्याच दिवशी बाजूला ठेवते. हरकाऱ्याकडून ही खबर नानांना कळते आणि मगच तिची चेहरेपट्टी लिहून घेण्याचा हुकूम सुटतो. भरती तिथे होते, सदरेवर होत नाही. पट्ट्याची प्रात्यक्षिके कमी झाल्यामुळे संस्थेतले काही जण नाराज झाले, कारण स्पर्धेच्या परीक्षकांना ती आवडतात असा समज आहे. दांडपट्टा आता महाराष्ट्राचे राज्यशस्त्र आहे, ही आठवणही मला करून देण्यात आली. पहिल्या अंकाच्या आरंभी, माळव्यातल्या आठवणीच्या रूपाने, दोन मिनिटांचा पट्टा ठेवून ही तक्रार मिटवली.

शेवटाविषयीचा मतभेद

दुसऱ्या अंकात रघुनाथरावांचा हस्तक तिच्याकडे येतो. मूल बदलले गेले, एवढे तिने सांगावे. त्या बदल्यात इनाम. पुढे हे प्रकरण कुठवर गेले ते मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. आश्रयाच्या शोधात रघुनाथराव इंग्रजांकडे वळले, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला आणि साष्टी व वसई देऊन रघुनाथरावांनी मुंबईच्या इंग्रजांची फौज मागितली. एका खोट्या साक्षीला त्या वर्षी मुंबईच्या कौन्सिलात किती भाव आला असता, हे प्रेक्षकाला आपोआप कळते.

लेखिकेला वाटत होते की नायिकेने हस्तकाला हाकलून द्यावे. दिग्दर्शकाला वाटत होते की तिने क्षणभर डगमगावे. माझे मत दोघांहून वेगळे पडले. ती हस्तकाचे सगळे ऐकून घेते, रक्कम विचारते आणि दुसऱ्या दिवशी सदरेवर, चारचौघांत, ती रक्कम नानांना सांगते. आपली तलब घेताना जसे सगळ्यांसमोर मोजून घेते तसेच. यातून तिचा प्रामाणिकपणा दिसतो, हे खरेच. पण त्याचबरोबर नानांची अडचणही होते, कारण आता गडावरच्या प्रत्येकाला कळले की या बाईच्या शब्दाला बाजारात किती किंमत आहे. तिच्यावरचा विश्वास वाढतो आणि तिला त्या दारापाशी ठेवणे त्याच वेळी धोक्याचे होते. नाना तिला बढती देऊन दूरच्या गडावर पाठवतात. ती समजते, मुजरा करते, पट्टा उचलते.

दिग्दर्शकाने हा शेवट स्वीकारला, मात्र बढती आणि हद्दपारी यांतले अंतर प्रेक्षकाला नुसत्या पाहण्यातून कळेल की नाही, याविषयी त्याला अजून शंका आहे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेलेल्या संहितेत नानांचे एक स्वगत त्यासाठी राखून ठेवले आहे. रंगीत तालमीनंतर ते ठेवायचे की गाळायचे ते ठरेल. तीन शिपायांची कामे रद्द झाल्यामुळे डोंबिवली आणि विरारहून येणारे तीन नट मोकळे झाले. त्यांतल्या एकाला हस्तकाची भूमिका मिळाली, आणि उरलेल्या दोघांनी नेपथ्याचे, म्हणजे मुख्यतः त्या दरवाजाचे, काम अंगावर घेतले आहे. दार अडीच फुटांचेच ठेवायचे, हे मात्र सर्वानुमते ठरले.